शालीचा हिरवा

दातांचा रंग ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिची चौतीस वर्षं गेली. गिऱ्हाईक पांढरेशुभ्र दात मागायचं आणि ती शांतपणे म्हणायची, "तसे दात फक्त जाहिरातीत असतात." मग ती माणसाला खिडकीपाशी उभं करायची, डोळे बारीक करायची आणि सोळा पांढऱ्यांतून त्याचा पांढरा बरोबर काढायची. म्हणून सगळे तिला शेडताई म्हणत.

निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता, तोच जमीन-मोजणी खात्यातले एक जुने मोजणीदार दाराशी आले. मोठ्या पुलासाठी चाळीस वर्षांपूर्वी जी गल्ली पाडली, तिचा छोटा नमुना ते वाचनालयाच्या माडीवर उभा करत होते. त्यांच्या काखेत बुटांचं खोकं होतं. त्यात कापसावर एकशे बारा माणसं निजली होती. बोटाच्या पेराएवढी, जुन्या फोटोंवरून घडवलेली, आणि सगळी राखाडी.

"घरांची मापं माझ्याकडे इंचाइंचानं आहेत," मोजणीदार म्हणाले. "पण फोटो पडले काळेपांढरे. रंग आठवणारं माणूस पाहिजे. तुम्ही तिथल्याच ना?"

"तिथलीच," ती म्हणाली, आणि खोकं ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती रंगांच्या दुकानात गेली. दुकानदार काकांनी नवख्या गिऱ्हाइकाला देतात तसा सगळ्यांत बारीक ब्रश पुढे केला. तिनं तो उजेडात धरला आणि परत दिला.

"रंग धरायला याला पोटच नाही हो. बाहुल्याच्या डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर रंग वाळून जाईल."

तिनं वाटीभर पाणी मागितलं. एकेक ब्रश भिजवून, झटकून, मनगटावर टेकवून पाहिला. पोट भरलेलं आणि टोक मात्र सुईसारखं जुळणारं, असे तीनच निघाले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बसायला स्टूल दिलं.

रंगांच्या बाबतीत मात्र तिची फजिती झाली. तिनं चकाकणारे रंग नेले, आणि पहिला पोस्टमन रंगवून झाला तेव्हा तो चोखून ठेवलेल्या गोळीसारखा दिसायला लागला. ती त्याला रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेली.

काकांनी पोस्टमनला तळहातावर उभं केलं. "चकाकी नको, मॅट घ्या. आणि खाकी खरी आहे तशीच लावलीत, तिथं चुकलं. ताई, लहान माणूस म्हणजे लांबचा माणूस. लांबचा रंग हवेत थोडा विरतो. प्रत्येक रंगात थेंबभर फिकट राखाडी घाला."

त्या थेंबानं जादू केली. दुपारी जेवण उरकलं की ती खिडकीशी बसायची, भिंग खाली ओढायची, आणि हळूहळू खोली मागे सरकायची. भिंगाखाली एक रस्ता उरायचा, लांबचा, धुक्यातून बघावा तसा. शिंप्याच्या जाकिटाला तपकिरी लागला की त्याच्या मशीनची खडखड कुठूनतरी यायची. पाववाल्याच्या कोपरांवर पीठ चढलं. घड्याळवाल्याच्या मुलीचा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता हे तिला आठवायचं नाही, पण ब्रश पिवळ्यात बुडायचा आणि तोच बरोबर असायचा. रंगवताना आपण श्वास घेतो की नाही, याचंही भान तिला नसायचं. ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं की ती जागी व्हायची. चहा कधीच निवलेला असायचा.

एकशे अकरा झाले. उरली ती खिडकीतून वाकलेली बाई. खांद्यावर शाल. ती तिची आई होती.

शाल हिरवी होती, यात शेडताईला शंका नव्हती. पण कोणता हिरवा? काकांनी नऊ बाटल्या काढून दिल्या. एकही हिरवा जुळला नाही. पानाचा, शेवाळाचा, बाटलीच्या काचेचा, सगळे परके. शेवटी तिनं परगावी असलेल्या दादाला फोन लावला.

"हिरवी?" दादा म्हणाला. "काहीतरीच. शाल निळी होती."

"दादा, मी त्या शालीत झोपलेय."

"आणि मी ती आणलेली आहे. पहिल्या कामाच्या पहिल्या पगारातून. निळी."

दोघंही हट्टी. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तीन दिवस फोनवर हेच चाललं, आणि चौथ्या दिवशी बहात्तर वर्षांचा दादा बॅग घेऊन दारात उभा राहिला. "दाखव तुझा हिरवा," एवढंच म्हणाला.

तिनं आईला स्टँडवर बसवलं आणि दादाच्या समाधानासाठी शाल निळी रंगवली. दादा भिंगातून बघत राहिला. "हीच," तो म्हणाला. रंग वाळल्यावर तिनं सवयीनं ब्रश धुतला, आणि का ते न कळता, पाण्यासारखा पातळ पिवळा घेऊन निळ्यावरून एक हात फिरवला. पिवळा घड्यांत उतरला. शाल हिरवी झाली. नऊ बाटल्यांत नव्हता तो हिरवा.

तिचा हात थांबला. "आईची बोटं पिवळी झाली होती," ती हळूच म्हणाली. "पिवळ्या रंगाचं पातेलं होतं अंगणात. मी सहा वर्षांची असेन. तू परगावी नोकरीला गेलास त्याच वर्षी."

"रंगवली तिनं?"

"उन्हानं विटली होती खांद्यावर. शेजारीण म्हणाली, नवी घे की. आई म्हणाली, ही टाकायची नाही."

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला वाटलं होतं, तिनं ती कोणाला देऊन टाकली," तो म्हणाला. "सुट्टीत आलो तेव्हा दिसली नाही. मी विचारलंही नाही."

"तिच्या अंगावरच होती रे."

वाचनालयाची माडी उघडली त्या दिवशी जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. गल्लीतली म्हातारी माणसं वाकून वाकून आपापलं दार शोधत होती. सगळे अगदी हलक्या आवाजात बोलत होते, जणू आत कोणी निजलंय. तेवढ्यात एका आजीबाईंनी शेडताईची बाही ओढली.

"सगळं छान आहे गं. पण आमच्या ह्यांची टोपी काळी नव्हती. गडद जांभळी होती."

"बसा," शेडताई म्हणाली आणि पर्समधून ब्रश आणि रंग काढले. "किती जांभळी, ते नीट सांगा." दादा वाटीत पाणी आणायला खाली गेला. आजीबाईंच्या मागे आणखी चार जण येऊन उभे राहिले होते.