ठोकेमास्तरांची काच

सरकारी कोळशाच्या खाणीत तीस वर्षं ठोकेमास्तरांचं काम एकच: लोखंडी कांबीनं छत ठोकायचं आणि आवाजावरून सांगायचं, खाली उभं राहायचं की पळायचं. खाण बंद झाली, सवय सुटली नाही. व्याह्यांचा नवा सोफाही त्यांनी ठोकून पाहिला. व्याही अजून बोलत नाहीत.

खाण बंद करायचा खर्च सरकारच्या अंगावर. त्यातही सगळ्यात जड भाग म्हणजे खालच्या पोकळीमुळे खचणाऱ्या घरांची भरपाई. म्हणून भरपाई कुणाला द्यायची हे ठरवायला भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची. महिन्याभरात तडकली, तर घर यादीत. नाही तडकली, तर घर धडधाकट!

सरकारचा तरुण इंजिनिअर मास्तरांच्या घरच्या भेगेवर पट्टी लावून वळतोय तोच त्यांनी तिच्यावर टिचकी मारली. टप्प.

"हे प्लास्टिक आहे!"

"बेसिकली काका, काच कुणाला लागली म्हणजे?"

"आणि प्लास्टिक बेसिकली तडकणार कधी?"

"मटेरियल वरून आलंय हो."

"वरून आलेलं चुकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली, बाळा."

आतून बायको म्हणाली, "पुरे की! दिसेल त्याच्यावर संशय. दूधवाल्याची किटलीसुद्धा सोडत नाहीत."

"पाणी निघालं होतं की नाही?"

मास्तरांनी जुन्या तावदानाची पट्टी कापली, प्लास्टिकच्या शेजारी पक्की चिकटवली आणि पेन पुढे केलं. "सही कर. अर्धी काचेवर, अर्धी भिंतीवर. उद्या म्हणाल, म्हाताऱ्यानं फुटकी काच आणून लावली."

इंजिनिअरनं पाठ फिरवून साहेबांना फोन लावला. मास्तरांच्या कानाला तेवढं अंतर काहीच नव्हतं. "एकेक घर म्हणजे किती लाख, कळतंय का? घरांचा आकडा आधीच मंजूर झालाय!" साहेब तिकडून खेकसत होते. इंजिनिअरनं फोन खिशात टाकला, भेगेकडे नीट पाहिलं आणि तारखेसकट सही ठोकली.

अकराव्या दिवशी काच मधोमध तडकली, सही जागच्या जागी. शेजारचं प्लास्टिक जसंच्या तसं. इंजिनिअर आला, फोटो काढले, मुकाट्यानं घर यादीत चढवलं. मास्तर गल्लीभर छाती काढून हिंडले. "म्हणालो नव्हतो?"

घरी आले, तर बायको भिंतीसमोर उभी. "म्हणजे आपलं घर खरंच खचतंय?"

मास्तरांनी भेगेवर हात ठेवला. इंजिनिअर, साहेब, पट्टी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. घरावर तेवढा घ्यायचा राहिला होता.

"कपाट धर त्या बाजूनं," ते हळूच म्हणाले. "आधी हे या भिंतीपासून हलवू."