खडूअण्णांची शेवटची गाडी

विकायला आलेली गाडी खडूअण्णा आधी विद्रूप करून टाकायचे. लोक गाडी धुतात, पुसतात, टायरना काळं पॉलिश मारतात आणि मग तिचे फोटो काढतात. अण्णाही गाडी धुवायचे, पण ती चरे नीट दिसावेत म्हणून. मग शर्टाच्या खिशातून खडू काढायचे आणि प्रत्येक पोच्याभोवती, गंजाच्या प्रत्येक ठिपक्याभोवती, नंतर मारलेल्या रंगाभोवती एकेक गोल ओढायचे. चांगली धडधाकट गाडी त्यांच्या हातून सुटली की देवी आलेल्या पोरासारखी दिसायची. त्याच अवस्थेत तिचे फोटो ऑनलाइन लिलावाच्या ॲपवर चढायचे.

सांबऱ्यात आमच्या समोरच त्यांचं घर. अंगणात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सदानकदा दुसऱ्या कुणाची तरी गाडी. आयुष्यभर ट्रक चालवून थकल्यावर त्यांनी हा धंदा धरला होता, लोकांच्या जुन्या गाड्या लिलावात विकून द्यायचा. मी बेळगावात शाळेत शिकवते, त्यामुळे खडूचा पुरवठा माझ्याकडून. "पांढऱ्या गाडीला तांबडा लागतोय, बाई," असं म्हणून रंगीत खडूही हक्कानं मागायचे. मला फ्रॉकात शेंबूड पुसताना बघितलेला हा माणूस, मी नोकरीला लागले त्या दिवसापासून मला 'बाई' म्हणायला लागला. एकदा मी म्हटलं, "अण्णा, हेडमास्तरांना कळलं तर मला घरी बसवतील." तर म्हणाले, "मग काय, हितं या की. शेडमदी खुर्ची हायच."

ॲपवर एक व्हिडिओही टाकावा लागायचा. मोबाईल माझा, धरायचं कामही माझं. आमच्या भागात घेणारा कुठला निघेल सांगता येत नाही, म्हणून अण्णा सगळं आधी मराठीत सांगायचे आणि मग तेच्या तेच कन्नडमध्ये. सुरुवात ठरलेली, "खोट आदी, गाडी मागनं." मग एकेका गोलावर बोट ठेवून त्याची जन्मकथा. हा पोचा म्हशीनं दिलेला, हा चरा मालकाच्या मेव्हण्यानं. मी कंटाळून हात बदलायचे. गाडीचे गुण सांगायची वेळ येईपर्यंत मोबाईलची बॅटरी मान टाकायची, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

खडेबाजारातले एक वकील आपली गाडी घेऊन आले होते. किलोमीटरचा आकडा थोडा मागे फिरवून मिळेल का, असं त्यांनी आडून आडून विचारलं. अण्णांनी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. "वकीलसाहेब, वय लपवायचंच आसलं तर आदी केस काळं करा. गाडीचं मागनं बघू." वकील रागावून गेले आणि दोन दिवसांनी तीच गाडी तशीच घेऊन परत आले. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या यायच्या, तेव्हा तर अण्णा पायाखालचा गालिचा उचलून आत तोंड घालून वास घ्यायचे. मग दाराच्या आतून, पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथं, खडूनं आडवी रेघ मारायचे. मालक हातापाया पडायचा. अण्णा म्हणायचे, "ह्या गाडीत कुणाची तरी पोरंबाळं बसणार हाईत. मी काय तोंड दाखवू?" हळूहळू निपाणीपासून खानापूरपर्यंत 'खडूची गाडी' म्हटलं की लोक डोळे मिटून बोली लावायला लागले.

अण्णांचा एकुलता एक मुलगा प्रकाश. त्याची बायको रेखा माहेरी निपाणीला गेली होती, तिला आणायला तो स्वतःची पांढरी गाडी घेऊन निघाला. काकतीच्या पुढे हायवेवर त्याच्या छातीत कळ आली. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. लोकांनी दार उघडलं तेव्हा इंडिकेटर तसाच चालू होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एवढंच सांगायचे, "गाडीला कुटं खरचटूसुदिक दिलं न्हाय बघा पोरानं." ते ऐकवत नसे. मी दोनदा उठून घरी आले.

गाडी शेडमध्ये आणून लावली, आणि रेखाच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी शेडकडे उघडते. भाकरी थापताना मान वर केली की समोर तीच. महिनाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस माझ्यादेखत तिनं सासऱ्याला सांगितलं, "अण्णा, ती गाडी हितनं हलवा. ती हाय तवर मला घास उतरत न्हाय. न्हायतर मी निपाणीला जातो, परत यायची न्हाय." सासू आधीच गेलेली, मुलगा असा गेला. रेखाही गेली असती तर त्या घरात अण्णांना हाक मारायला कुणी उरणार नव्हतं. अण्णा म्हणाले, "काढतो बाळ, लिलावात काढतो."

रविवारी त्यांनी मला बोलावलं. गाडी धुतलेली होती. हातात तांबडा खडू घेऊन ते गाडीभोवती फिरले, वाकले, उठले, पुन्हा फिरले. खडू लावावा अशी जागाच नव्हती. प्रकाशनं ती गाडी जिवापाड जपली होती. शेवटी त्यांनी तांबडा खडू खिशात टाकला, पांढरा काढला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि त्या काळ्या सीटवर एक मोठा गोल ओढला.

मी मोबाईल धरला. मराठीत ते गाडीविषयी सगळं बोलले, इंजिन, टायर, कागदपत्रं, सगळं. त्या सीटपाशी आले, ओठ नुसतेच हलले, आणि ते पुढे सरकले. मग कन्नड सुरू केलं आणि कन्नडमध्ये ते वाक्य त्यांनी स्वच्छ उच्चारलं, या गाडीत माझा मुलगा गेला. मी विचारलं, "अण्णा, हे मराठीत राहिलं की." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "समद्यास्नी कन्नड येतंय की, बाई. ऐकत्यात." मला कळत होतं. कन्नड त्यांची बाजाराची भाषा, ट्रकच्या अड्ड्यावरची. प्रकाशला त्यांनी मराठीत अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्या भाषेत ते वाक्य तोंडातून निघालं असतं तर ते खरं झालं असतं.

बोली लागली. निपाणीकडचा एक तरुण, बायको आणि आईला घेऊन गाडी न्यायला आला. नारळ आणला होता, चाकाखाली ठेवायला लिंबं आणली होती. त्याच्या आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. खिडकीत रेखा उभी होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा धग कमी दिसत होती. मीही मनातून म्हणत होते, जाऊ दे ही गाडी एकदाची.

तरुण सीटवरचा खडू हातानं झटकत होता. सहज म्हणाला, "अण्णा, हितं फाटल्यालं बी न्हाय, मग गोल कशापायी? आन् यवडी चांगली गाडी इकतासा का?"

अण्णा थबकले. "व्हिडिओ बघितलासा न्हवं?"

"बघितला की. मराठी सगळं ऐकलं. मग कन्नड लागलं, बंद केला. तेच आसतंय न्हवं दोनीकडं?"

खरंच होतं ते. इतकी वर्षं दोन्हीकडे तेच असायचं, अण्णांनीच लोकांना ती सवय लावली होती. अण्णांनी एकदा खिडकीकडे बघितलं. रेखा मानेनंच नको नको म्हणत होती. मग त्यांनी त्या पोराचा हात धरला आणि म्हणाले, "ऱ्हायलं सांगायचं. ह्या गाडीत माझा ल्योक गेलाय. ह्याच जाग्यावर."

म्हातारीनं पदरानं स्वस्तिक पुसलं. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी नारळ न फोडताच परत नेला, लिंबं तेवढी चाकाखाली राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा निपाणीच्या बसमध्ये बसली. अण्णा तिची पिशवी घेऊन स्टॉपपर्यंत गेले होते. येताना मी हाक मारली तर त्यांनी फक्त हात वर केला.

त्यानंतर त्यांनी कुणाचीच गाडी घेतली नाही. 'खडूची गाडी' म्हणून त्यांना फोन यायचे, ते वाजू द्यायचे. दुपारी जेवण झालं की पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे, काचा खाली करून. मी खडू नेऊन द्यायचे, ते ठेवून घ्यायचे. पावसाळा संपता संपता एका पहाटे झोपेतच गेले. मला फार राग आला त्यांचा. खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तेही बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. असा राग ज्यांच्यावर करावा अशी माणसं आता आमच्या गल्लीत उरलेली नाहीत.

दिवसकार्याला रेखा आली. तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा ती शेडमध्ये गेली. खुंटीवर अण्णांचा शर्ट होता, त्याच्या खिशातून तिनं खडू काढला. सीटवरचा गोल अण्णांच्या बसण्यानं पुसून गेला होता. तिनं तो पुन्हा ओढला, सावकाश, टोकाला टोक मिळवून.

"बाई, धरा मोबाईल."

मी धरला. ती गाडीशेजारी उभी राहिली. "खोट आदी, गाडी मागनं," ती म्हणाली. "ह्या गाडीत माझा नवरा गेला. मला आणायला येताना." मग इंजिन, टायर, कागदपत्रं, अण्णा सांगायचे त्याच ओळीनं. आवाज कुठे कापला नाही. मीही या वेळी हात बदलला नाही.

संपल्यावर मी म्हटलं, "आता कन्नड?"

"कन्नड अण्णांचं हाय की तुमच्याकडं," ती म्हणाली. "तेच जोडा."

मी जोडलं. गाडी काकतीच्या एका माणसानं नेली, दोन्ही भाषा शेवटपर्यंत ऐकून. ॲपवरून तो व्हिडिओ लिलाव संपताच गेला, माझ्या मोबाईलमध्ये आहे. आधी रेखा बोलते, आणि ती थांबली की अण्णा बोलायला लागतात.