अहोंचं डावं फुप्फुस

पुण्यात आले तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या. धानाची रोवणी आणि काळजी करणं. पहिलीचा इथं उपयोग नव्हता, दुसरीवर मात्र मला नोकरी मिळाली.

माझा नवरा छातीच्या दुखण्यानं एका रुग्णालयात पडून होता, आणि मी डॉक्टरांना दिसतील तिथं गाठून तेच तेच विचारायची. ते जेवले का, खोकले का, झोप लागली का. नवऱ्याला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, इतकं बारकाईनं विचारणारं माणूस मला हवंच आहे, फक्त माणसांसाठी नको. चौथीत शाळा सुटलेल्या, चांद्याकडून इतक्या लांब आलेल्या बाईला कुणी काम देतंय, एवढ्यावरच मी विरघळले. काम कसलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. रुग्णालयाच्या मागे एक पत्र्याची खोली होती, तिथं कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग चालत. मी कुत्र्यांची आया झाले. कसबा पेठेत आमच्या शेजारच्यांना मी नुसतं ‘दवाखान्यात आहे’ एवढंच सांगायची.

डॉक्टर कुत्र्याचं डावं फुप्फुस काढायचे आणि तिथंच परत बसवायचे. मी एकदा भीत भीत विचारलं, परत तिथंच बसवायचं तर काढायचं कशाला? ते म्हणाले, परदेशात एकाचं फुप्फुस दुसऱ्याला लावून बघताहेत, पण माणसं टिकत नाहीत; आपण आधी शिवण तरी शिकू. शिंपी दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावण्याआधी आपल्याच सदऱ्यावर हात बसवतो. सदरा कुत्र्याचा होता, पण ते मी मनातच म्हटलं. रक्तवाहिन्या जोडायला अगदी बारीक रेशीम लागायचं. हात चालता राहावा म्हणून डॉक्टर रिकाम्या वेळी कांद्याच्या पापुद्र्यावर टाके घालत बसायचे. पापुद्रा फाटला की चहा मागवायचे. चहा पुष्कळ व्हायचा.

आधीचे कुत्रे टिकले नाहीत. दर वेळी मी रडायची, म्हणून डॉक्टरांनी फर्मान काढलं की कुत्र्याला नाव द्यायचं नाही, नाव दिलं की जीव जडतो. मग हाक कशी मारायची? आम्हा बायकांत ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला ‘अहो’ म्हणतात. म्हणून पुढचा जो तांबूस, एक कान पडलेला कुत्रा आला, तो ‘अहो’ झाला. घरी मी काळजीनं म्हणायची, आज अहोंनी दूध घेतलं नाही. आणि नवरा आतून म्हणायचा, घेतलं की.

अहो टिकले. जखम भरली, शेपूट हलायला लागलं. मग डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी बांधून टाकली, म्हणजे सगळा भार परत शिवलेल्या डाव्यावर. त्यावरही अहो जगले. पण विभागप्रमुखांना ती खोली सायकली ठेवायला हवी होती. ते नारायण पेठेतले. कौतुक करायचं झालं तरी तक्रारीच्या सुरात करणारे. म्हणाले, पिंजऱ्यात बसून कुणीही जगतं, छातीवर भार पडल्यावर काय होतं ते मला दाखवा. नाहीतर महिनाअखेरीला खोली रिकामी करा. नवऱ्याला अजून काम करायची परवानगी नव्हती. खोली गेली की माझी नोकरी जाणार आणि आमचं बिऱ्हाड परत गावाला.

डॉक्टर म्हणाले, पुण्यात छाती तपासायची जागा एकच, पर्वती. त्या दिवसापासून मी अहोंना साखळी लावून रोज सकाळी पर्वती चढवायला नेत होते. परीक्षेच्या दिवशी प्रमुख स्वतः कॅनव्हासचे बूट घालून आले.

अर्ध्यावर अहो बसले. सरळ पायरीवर बैठक मारली आणि हलेनात. मी काकुळतीनं म्हटलं, “अहो, चला ना.”

मागे कठड्याला टेकलेले प्रमुख म्हणाले, “येतोय हो, जरा थांबा.” मग त्यांना कुत्रा दिसला. “बसला का? छान. माझ्या सायकलींची सोय झाली.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी वाकून अहोंची जीभ पाहिली, छातीवर हात ठेवला. धाप नव्हती, काही नव्हतं. बसले होते आपले मजेत. तेवढ्यात रोज तिथं हवा खाणारे एक पेन्शनर आजोबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “कुत्र्याला काय धाड भरलीय? दम या बाईंना लागतो. रोज याच पायरीवर बसतात. तो बिचारा सोबत म्हणून बसतो.”

खरं होतं. मी भाताच्या सपाट मुलखातली, चढ म्हणजे बांधाएवढाच पाहिलेला. मी बसले की अहो बसायचे. पर्वती अशीच चढतात अशी त्यांची समजूत झाली होती. आणि भीतीपोटी हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

प्रमुखांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मग आज बसू नका, बाई.”

परीक्षा अहोंची आणि पेपर मला. पदर खोचला आणि निघाले. अहो क्षणभर चक्रावले, मग उठून आले. पायऱ्या संपेनात. माझी तर दोन्ही फुप्फुसं जन्मापासून जागच्या जागी, तरी कुणीतरी उलटी शिवल्यासारखी वाजत होती. एकदा गुडघा वाकलाच, तर अहोही लगेच टेकायला लागले, म्हणून तशीच वाकलेली पुढे गेले. देवळापाशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते आणि अहो एका शेळीवर भुंकत होते.

प्रमुख टप्प्याटप्प्यानं वर आले. बोलता येईना, म्हणून हातानंच डॉक्टरांची तपासायची नळी मागितली आणि अहोंच्या डाव्या बरगड्यांवर टेकवून बराच वेळ ऐकलं. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी प्रमुख म्हणाले, “पुढच्या कुत्र्याला पर्वती नको. रुग्णालयाचा जिना पुरे.” एवढं बोलून उतरायला लागले.

मला वाटलं रागावले. डॉक्टर का हसताहेत तेही कळेना. पार खाली आल्यावर उजेड पडला. पुढचा कुत्रा येणार, म्हणजे खोली राहणार. तरी स्वतःचं खात्रीनं कळावं म्हणून मी विचारलं, “डॉक्टर, मग उद्या येऊ ना मी?”

“उद्या कशाला?” ते म्हणाले. मी अहोंची साखळी त्यांच्यापुढे धरली. “आज संध्याकाळचं दूध काय प्रमुख पाजणार आहेत?”