माझ्या शब्दांपुढं ‘पारंपरिक’

पहिली सूचना आली तेव्हा मी कराडच्या लॅबमध्ये काउंटरवर रिपोर्ट देत होते. नवऱ्याचा फोन आला. कामाच्या वेळी तो कधी फोन करत नाही, म्हणून समोरच्या बाईंना थांबायला सांगून मी तो घेतला.

“आगं, हळदीचं गाणं उडालं चॅनेलवरनं.”

“उडालं म्हणजे?”

“काढून टाकलंय. कॉपीराइटचा स्ट्राइक आलाय.”

“आपल्याच गाण्यावर?”

त्यावर त्यानं फोन ठेवला.

माझ्या नवऱ्याची बेंजो पार्टी आहे. मलकापुरात आम्ही राहतो आणि कराडपासून पार इस्लामपूरपर्यंतच्या वराती तो वाजवतो. बेंजो आणि कीबोर्ड तो स्वतः वाजवतो, बाकी ढोलकी, हलगी, ताशा आणि गायक धरून आठ-दहा जण. पूर्वी सुपारी ओळखीनं मिळायची. आता लोक चॅनेलवरचे व्हिडिओ बघतात आणि खालच्या नंबरवर फोन करतात. चॅनेल बंद पडलं तर पार्टी बंद, इतकं ते साधं आहे.

हळदीचं गाणं आम्ही नणंदेच्या लग्नात केलं होतं. सासरचे लोक मूळचे दुष्काळी माणचे. सासरे मेंढरं घेऊन दरवर्षी खाली कृष्णाकाठी उतरायचे आणि शेवटी मेंढरं विकून इथंच राहिले. नणंद दिली वाळव्याच्या बाजूला, उसाच्या घरात. लॅबला जाता येता स्कूटीवर मी शब्द जुळवायचे आणि गाडी लावली की फोनमध्ये बोलून ठेवायचे.

माणची लेक निघाली बाई उसाच्या गावाला,
पाटाचं पाणी बघून इसरू नको आडाला.

चाल नवऱ्याची. पण तिची सुरुवात सासऱ्यांची होती. मेंढरं वळवताना ते एक लांब हाळी द्यायचे. वर चढत जायची आणि टोकाला मोडायची. नवऱ्यानं ती बेंजोवर घेतली. हळदीत ती वाजली तेव्हा सासरे पाटावरून उठले आणि भर मांडवात त्यांनी खरी हाळी दिली. तो व्हिडिओ लोकांनी फार बघितला. त्यावरूनच आमच्याकडं पुढच्या दोन हंगामांच्या सुपाऱ्या आल्या.

चार-पाच दिवसांत दुसरा स्ट्राइक आला. ओगलेवाडीच्या एका वरातीचा व्हिडिओ होता, त्यात तीच चाल वाजत होती. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की तिसरा आला तर चॅनेल कायमचं काढून टाकलं जाईल.

नवरा खाटेवर बसून फोनकडं बघत होता. भाजीवाल्यानं काटा मारला तरी भांडणारा हा माणूस. आता ना शिवी, ना आरडाओरडा. तो घाबरला होता, पण त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

सूचनेत कंपनीचं नाव होतं. मी ते टाकून शोधलं. पहिलंच गाणं उघडलं आणि आमची चाल वाजायला लागली. हिरव्यागार उसात नाचणाऱ्या मुली, वरून ड्रोनचं शूटिंग, गाणारी कुणी शहरातली. आणि शब्द माझे. एकही बदललेला नाही. खाली नावं होती. संगीत म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव. गीत म्हणून एकच शब्द: पारंपरिक.

“हे काय आहे?” मी फोन त्याच्यापुढं धरला.

“सही केली मी,” तो म्हणाला. “सांगलीत कार्यक्रम झाला नव्हं का, तवा त्यांचा माणूस आला हुता. हायवेच्या हॉटेलात बसलो. सगळं इंग्रजीत हुतं. म्हणला, फॉर्मॅलिटी हाय, तुमचं नाव महाराष्ट्रभर हुईल. गाणं आलं की मग तुला दाखवणार हुतो.”

“आणि आल्यावर?”

“ते पारंपरिक बघितलं. मग धाडस झालं न्हाई.”

“त्यांनी विचारलं असंल की शब्द कुणाचे?”

“इचारलं.”

“मग?”

“म्हणलं, घरातल्या बायका म्हणत्यात.”

“घरातल्या बायका म्हणजे कोण? आवं, नाव आहे की मला.”

सासरे दारात उभे होते, ते आम्हाला दिसलंच नव्हतं. ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “माझी हाळी इकलीस व्हय रं?”

“आबा, हाळी न्हाई, चाल...”

“तीच की.”

ते पायऱ्या उतरून गेले. नवऱ्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला त्याची कीव आली नाही. पुढं पुष्कळ दिवस आली नाही.

सकाळी मी रजा टाकली. नणंदेच्या ओळखीनं मिरजेतल्या एक वकीलबाई मिळाल्या होत्या. दोघं पॅसेंजरनं गेलो. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून जावं लागतं. एरवी नवरा तिथं दुकानादुकानाशी थांबतो, भोपळे टिचकी मारून बघतो. त्या दिवशी मान खाली घालून चालला.

वकीलबाईंनी नवऱ्याच्या फोनमधले कराराचे फोटो मोठे करून शेवटपर्यंत वाचले. मग नवऱ्याला विचारलं, “शेती आहे का तुमची?”

“माणला हाय थोडी. जिराईत.”

“शेत खंडानं देणं आणि खरेदीखत करून देणं, यातला फरक तुम्हाला माहीत आहे. खंडानं दिलं की मुदत संपते, शेत तुमचंच राहतं. गाण्याचंही तसंच देता येतं, त्याला लायसन्स म्हणतात. तुम्ही मात्र चालीचं खरेदीखत केलंय. कायमचं, जगभरासाठी.”

“मग मी माझीच चाल वाजवायची न्हाई?”

“वरातीत वाजवा, लग्नकार्यात कुणी अडवणार नाही. चॅनेलवर टाकलीत तर ते हरकत घेऊ शकतात. चालीपुरतं त्यांचं म्हणणं कायद्यात बसतं. एक गोष्ट मात्र तुमच्याकडं राहते. रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा सोडून देता येत नाही, कागदात काहीही लिहिलेलं असो. त्याची नोंदणी करून घ्या.”

मग त्या माझ्याकडं वळल्या. “ताई, तुम्ही कशावर सही केलीत?”

“कशावरच नाही.”

“शब्दांचा हक्क लेखी आणि लिहिणाऱ्याच्या सहीनंच जातो. यांची सही यांच्यापुरती. म्हणजे तुमचे शब्द अजून तुमचेच आहेत आणि ते त्यांनी विचारल्याशिवाय वापरलेत. शब्द तुमचे आहेत हे दाखवता येईल?”

फोनमध्ये माझे स्कूटीवरचे सगळे तुकडे होते. चुकलेल्या ओळी, मधे वाजलेले हॉर्न, सगळं. त्यांनी दोन-तीन ऐकले आणि पहिल्यांदाच हसल्या.

“त्यांचं गाणं खाली उतरवा म्हणून तुम्ही नोटीस देऊ शकता.”

“नको,” नवरा एकदम म्हणाला. “ते तिसरा स्ट्राइक टाकत्याली. सगळं जाईल. पार्टीतल्या पोरांस्नी काय सांगू मी?”

“टाकू शकतात,” वकीलबाई म्हणाल्या. “तशी खात्री मी देणार नाही. पण नोटीस यांच्या नावानं जाईल. ठरवायचं यांनी.”

दोघंही माझ्याकडं बघत होते. पार्टीतली एकेक घरं माझ्या डोळ्यांपुढं आली. ढोलकीवाल्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, ताशेवाल्यानं नुकतीच हप्त्यावर गाडी घेतलेली. माझ्या एका सहीवर ते सगळं टांगलेलं होतं. आणि नाही केली तर मी जन्मभर ‘घरातल्या बायका’.

मी सही केली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नवऱ्यानं सगळ्या जुन्या व्हिडिओंच्या प्रती डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी दोघंही चॅनेल उघडून बघायचो, आहे का गेलं. पार्टीतली पोरं घरी यायची, मला नमस्कार करायची आणि नवऱ्याला बाहेर बोलवायची. खिडकीतून शब्द कानावर यायचे. “वैनींस्नी सांग की गड्या जरा.” तो काय उत्तर द्यायचा ते ऐकू यायचं नाही. घरात तो मला काही म्हणाला नाही, एवढं खरं.

मग कंपनीच्या माणसाचा फोन लॅबमध्येच आला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

“मॅडम, एवढ्या छोट्या गोष्टीसाठी नोटीस कशाला? आपण एका कुटुंबासारखे आहोत.”

“मग कुटुंबातल्या माणसाचं नाव कसं माहीत नाही तुम्हाला?”

“तुमच्या मिस्टरांनीच सांगितलं की पारंपरिक आहे.”

“त्यांनी पारंपरिक म्हटलं नाही. ते तुम्ही लिहिलंत.”

त्याचा आवाज बदलला. “बघा, मिस्टरांनी करारात लिहून दिलंय की गाण्यात दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. उद्या आम्ही त्यांच्यावर केस केली तर? चॅनेल तर एका मिनिटात जाईल.”

जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ रक्त काढलेला हात सांभाळत उतरत होते, त्यांना वाट द्यायला मी भिंतीला टेकले. तेवढ्या वेळात सुचलं ते बोलले.

“करा. कोर्टात मला विचारतील की हे शब्द कुणी लिहिले, तेव्हा मी माझी रेकॉर्डिंग वाजवून दाखवीन. तोवर तुमचं गाणं मात्र खाली उतरलेलं असंल आणि लग्नाचा हंगाम सुरू आहे.”

तो म्हणाला, वरती बोलून कळवतो.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. नवरा मग म्हणाला, “केस माझ्यावर हुईल न्हवं? हू दे. चूक माझी हाय. तू मागं घिऊ नको.” इतक्या दिवसांत त्यानं माझ्याकडं बघून बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिसरा स्ट्राइक आला नाही. कंपनीनं बोलणी मागितली आणि सांगलीत बसायचं ठरलं. वकीलबाई सोबत होत्या. कंपनीवाल्यांनी पुन्हा कायमचे हक्क लिहून आणले होते, तो कागद मी परत सरकवला. मग खंडासारखं ठरलं. तीन वर्षांसाठी शब्द वापरायची परवानगी, मराठी आणि वाचता येईल असा कागद, गीतकार म्हणून माझं नाव, आणि आमच्या चॅनेलवरचे आमचे व्हिडिओ राहतील ही लेखी कबुली. दोन्ही स्ट्राइक मागे घेतले गेले.

सगळं परत आलं असं मात्र नाही. चाल त्यांचीच राहिली. कोल्हापूरच्या एका सिनेमावाल्यानं ती मागितली तेव्हा नवऱ्याला त्याला कंपनीचा पत्ता द्यावा लागला. तो फोन ठेवून तो बराच वेळ मागच्या अंगणात जाऊन बसला. सासरे त्याच्याशी बोलायला लागले, पण बेंजो काढला की उठून जातात. मी त्याला माफ केलं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मला नीट सांगताही आलं नसतं. आम्ही कामाला लागलो.

गेल्या महिन्यात नवं गाणं केलं. रेकॉर्डिंगच्या आधी मी कागद काढला. कुणी काय केलं, कुणी काय वाजवलं, आणि खाली ज्याची त्याची सही. ढोलकीवाल्याचं तोंड पडलं.

“वैनी, आपल्यात कागद? माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?”

“तुमच्यासाठीच आहे,” मी म्हटलं. “उद्या तुम्हाला कुणी घरातली माणसं म्हणू नये.”

तो चहा प्यायला बाहेर गेला. नवरा त्याच्या मागं निघाला, मी थांबवलं. बाकीच्यांनी सह्या केल्या आणि वाद्यं लावत बसले. बऱ्याच वेळानं तो परत आला, कागद उचलला आणि बोटानं ओळी वाचत गेला.

“मला ढोलकी एवढंच लिवलंय.”

“मग?”

“हलगी बी मीच वाजिवणार हाय की. ती बी लिवा.”