बेंजोवाल्याचा भाचा

मेटल म्युझिकवाले नाव विचारायच्या आधी विचारतात, "भाई, इन्फ्लुएन्सेस काय तुझे?" मग समोरच्याने नॉर्वे, स्वीडन असं काहीतरी बर्फाळ सांगायचं. राहतोय अंबरनाथ वेस्टला, मे महिन्यात बनियनवर घामाघूम बसलाय, पण इन्फ्लुएन्स मात्र बर्फातलाच पाहिजे!

मी गिटार फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. क्लास नाही, सर नाही. पण व्हिडिओंनी फक्त डावा हात शिकवला. उजवा हात माझ्या मामाचा आहे. मामा बदलापूरला राहतो, कंपनीत कामाला आहे आणि सुट्टीला लग्न-मिरवणुकीच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्या हातातली नखी तारांवर नुसती सुसाट चालवायची. मामाची नखी शॅम्पूच्या बाटलीतून कापलेली. आणि आवाज? टेम्पोवरच्या भोंग्यातून असा फाटून येतो की बास! लोक असल्या फाटक्या आवाजासाठी, डिस्टॉर्शनसाठी, परदेशातून पेडल मागवतात, मामाला ते खराब वायरिंगमुळे फुकट मिळतं.

एकदा जांभूळ गावात हळदीत त्याचा वाजवणारा जोडीदार आलाच नाही. मामा म्हणाला, "तुझी ती गिटार लाव. आणि ऐक, कोपर झोपव, नुसतं मनगट हलव. नायतर नवरदेवाच्या काकांच्या आधी तू पडशील."

काका नाचून काय पडणारे नव्हतेच. जरा थांबलं की ओरडायचे, "ए गिटार, झोपला काय?" व्हिडिओतला गोरा सर वर्षभर 'मनगट सैल सोडा' सांगत होता, डोक्यात शिरलं नव्हतं. जांभूळच्या काकांनी एका हळदीत शिरवलं.

तर, जवळच्याच कॅम्प पाच वस्तीतल्या एका बँडला गिटारिस्ट हवा होता. मला त्या बँडमध्ये जायचंच होतं यार! आमच्या इथे मेटल वाजवणारे मिळतात कुठे? त्यात त्यांचा पुण्यात गिग, म्हणजे स्टेज शो, ठरलेला. प्रॅक्टिस रूम ड्रमरच्या पप्पांच्या जीन्सच्या कारखान्यावर. गायक सहा फुटी, काळा टी-शर्ट, कवटीची अंगठी, सगळी गाणी मरण आणि युद्धावर. मध्येच मम्मीचा फोन आला की बारीक आवाजात, "हो गं, डबा संपवला."

त्याने तो इन्फ्लुएन्सेसचा प्रश्न विचारला. नॉर्वे ओठावर आलं होतं, शप्पथ. पण तोंडातून निघालं, "बेंजो. माझा मामा वाजवतो."

गायक हसला. "ते तुमच्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं ते?"

'तुमच्या' त्याने अगदी सहज टाकलं. आडनाव ऐकून झालं होतं ना माझं.

"हो, तेच," मी म्हणालो. "तुमच्या गणपतीतही तेच वाजतं. तिथेही मामाच असतो."

ड्रमर फिस्कन हसला. मग वाजवलं. त्यांचं सगळ्यात फास्ट गाणं चार मिनिटांचं. चार मिनिटं! हळदीत तेवढा वेळ नुसती वायर शोधण्यात जातो. गाणं संपलं तरी माझा हात थांबेना. ड्रमर मागून पळत राहिला, शेवटी काठ्या टाकून ओरडला, "अबे रुक! हाथ है कि सिलाई मशीन?"

गायक म्हणाला, "ओके, घेतला तुला. फक्त बाहेर ते बेंजो-बिंजो बोलायचं नाही. इमेज असते बँडची. कोणी विचारलं तर युरोपचं काहीतरी सांग."

मला बँड पाहिजे होता, खूप पाहिजे होता, म्हणून मी चक्क विचार केला. मग गिटारची वायर काढली. "मामाचा हात इथेच ठेवून जाऊ काय? नुसत्या डाव्याने वाजवू?"

"ड्रामा नको करू. पुण्याचा गिग माझ्या ओळखीने आहे," गायक म्हणाला.

"तो जा ना पुणे," ड्रमर म्हणाला. "रूम मेरे पप्पा की है."

गायक गेला, त्याच्याबरोबर गिगही गेला. लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. आता मी आणि ड्रमर, आम्ही दोघंच वाजवतो. गाणारा अजून मिळालेला नाही, मिळाले ते सगळे बर्फातले.

परवा मामाला रूमवर नेलं. त्याने डोळे मिटून आख्खं गाणं ऐकलं. "हात बरोबर चाललाय," तो म्हणाला, "पण एवढा राग कसला रे तुम्हाला?"

मी त्याला गायकाचं बोलणं सांगितलं, 'तुमच्या' सकट.

मामा उठला. अँपचं आवाजाचं बटण त्याने स्वतःच वर फिरवलं. "हां. आता वाजवा परत."