सुईशिवाय न चालणारा अंगारा

मी विज्ञानाचा मास्तर. दोन गोष्टी एकत्र आल्या की नुसत्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम होतो, त्याला सहक्रिया म्हणतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. कृपा देवाची आणि यत्न माणसाचा, या देवळातल्या बोलण्यातही तेच आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. गावच्या मारुतीचा पुजारी साप चावलेल्याला अंगारा देतो, म्हणून मी त्याला भर वर्गात भोंदू म्हणायचो.

त्या दुपारी गोवऱ्या काढताना आईच्या हाताला नाग चावला. मी मोटरसायकल काढेपर्यंत ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

"मला सुई नगं. अंगारा बास हाय."

मी ओरडलो, हात जोडले, विष नसांवर कसं चढतं तेही समजावलं. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा! पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तरी ती हलेना.

पुजारी धावत आला. मी त्याच्यावर तुटून पडणार, तोच त्यानं आईच्या कपाळी अंगारा लावला.

"मावशी, ह्यो सुईबिगर लागू पडत न्हाई. मारुतीरायानं डोंगर उचलून आनला, पर मुळी वैद्यानंच दिली न्हवं? उठा."

आई उठली. तिला मध्ये धरून तो मागं बसला, आणि मी धारूरच्या दवाखान्यापर्यंत गाडी कुठं थांबवली नाही. डॉक्टरांनी विषावरची लस दिली, श्वासासाठी वेगळं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी आई चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर खेकसली. मला रडू आलं.

गावात परतल्यावर मी सरळ देवळात गेलो. असा माणूस मी पाहिला नव्हता, आणि ते त्याला तोंडावर सांगायचं होतं.

"महाराज, लाख बोललात. मला जन्मात सुचलं नसतं. तुम्हाला कसं सुचलं?"

तो समईची काजळी पुसत होता.

"लेकीच्या वक्ताला कुटं सुचलं, गुर्जी? निस्ता अंगारा लावीत बसलतो."

ती लेक माझ्याच वर्गात होती. साप चावून गेली, एवढं ऐकून मी हजेरीपटातून तिचं नाव कमी केलं होतं. त्याच्या दारात मात्र एकदाही गेलो नव्हतो.