पाकळी रुंद करून दाखवा

पोलिसातल्या नोकरीत हाताळलेले मोठमोठे गुन्हे आता आठवताना एकमेकांत मिसळतात. वाघोलीच्या त्या दोन भावांचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं, आणि त्यात तर साधी शिवीगाळसुद्धा झाली नव्हती.

थोरला सकाळी हजेरी चालू असतानाच पोलीस ठाण्यात आला. कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे लाकडावर नक्षी कोरणाऱ्या सीएनसी मशीनचा त्याचा कारखाना होता. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला आणि पुढे कात्रजला स्वतःचं मशीन टाकून वेगळा झाला. थोरल्याची तक्रार अशी, की देवघराच्या दारावरचं कमळाचं डिझाइन धाकट्याने चोरलं.

"त्याचं सॉफ्टवेअर वेगळं आहे साहेब. माझी फाईल त्यात उघडत नाही, म्हणून त्याने बाहेरून कन्व्हर्ट करून घेतली. आज तो काम सुरू करतोय. आत्ताच मशीन सील करा."

ज्याची वस्तू जाते तो आधी आपली वस्तू मागतो. हा आधी भावाचं मशीन बंद करायला सांगत होता. मीही घरात थोरलाच. धाकट्याचं कौतुक सुरू झालं की कसं वाटतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी गुन्हा दाखल न करता अर्ज चौकशीवर ठेवला आणि दोघांना आपापल्या कॉम्प्युटरसह बोलावलं.

धाकटा पार घाबरला होता. एका मोठ्या सोसायटीतल्या सगळ्या देवघरांचं काम त्याला नुकतंच मिळालं होतं. मशीन जप्त झालं असतं तर ते काम हातचं जाऊन थोरल्याकडेच गेलं असतं. "डिझाइन माझं आहे सर," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दोघांच्या स्क्रीनवर तेच कमळ. फाईलच्या तारखांवर मी विसंबलो नाही. कॉम्प्युटरचं घड्याळ कुणीही मागे करू शकतो.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि एकच सांगितलं, "मधली पाकळी जरा रुंद करून दाखवा."

धाकट्याने माऊसने कड ओढली आणि अख्खी पाकळी अलगद फुगली. थोरल्याकडे रेषेचा एक बारीक तुकडा सरकला, मग दुसरा. कमळ दातेरी दिसायला लागलं.

"कॉम्प्युटर स्लो आहे साहेब."

"असेल. आपण निवांत करा. मला रिटायर व्हायला अवकाश आहे."

ही काय भानगड, ते मी धाकट्यालाच विचारलं. तो म्हणाला, "फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली की गोल रेषेचे सरळ तुकडे पडतात. लाकूड कापता येतं, पण पाकळी सलग हलत नाही." म्हणजे कन्व्हर्ट केलेली फाईल तक्रारदाराकडेच होती.

मी थोरल्यासमोर जाऊन बसलो. "अहो, स्वतःची फाईल स्वतःलाच कन्व्हर्ट करून घ्यायची वेळ का आली आपल्यावर?"

त्याने माऊस बाजूला सारला. मग एकदम फुटला. "माझ्या कारखान्यात उभं राहून गिऱ्हाईकं त्याचा नंबर मागतात! त्याला माऊस धरायला मी शिकवलं, साहेब. मला जन्मात असं कमळ जमलं नसतं. नाही बघवलं."

फाईल थोरल्याकडे आली कशी, हे धाकट्याने सांगितलं. त्याने ती स्वतःच फोनवर पाठवली होती. काम पुरं झाल्यावर सगळ्यांत आधी त्याला भावालाच दाखवायचं होतं.

दोघांना समोरासमोर बसवून मी धाकट्याला विचारलं, उलट तक्रार द्यायची का. त्याने मान हलवून नकार दिला आणि भावाकडे वळला. "दादा, तू काहीच उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, तुला आवडलं नाही."

थोरल्याने मान वर केली नाही. "आवडलं होतं रे," तो म्हणाला.

अर्ज निकाली निघाला. जळणाऱ्या माणसाला समोरच्याचं काम वाईट वाटत नसतं, उलट त्याचं मोल सगळ्यांत आधी त्यालाच कळतं, हे मी त्या दिवशी शिकलो. फक्त ते तोंडाने कबूल करायला थोरल्याला पोलीस ठाण्यापर्यंत यावं लागलं.